पहारेकऱ्याची तपासणी

संगणक-कक्षांत एखादें यंत्र चालतां चालतां मध्येंच थिजतें, पडद्यावरील बाण हलेनासा होतो, आणि विद्यार्थी म्हणतात, "संगणक बिघडला." तो बंद करून पुन्हां सुरू केला कीं, बहुधा पूर्ववत् चालूं लागतो. मग बिघडलें होतें तें काय? तार तुटली नव्हती, चाक झिजलें नव्हतें, कोणीं कांहीं दुरुस्तही केलें नाहीं. ह्या प्रश्नाचें उत्तर पुष्कळदां एकाच शब्दांत देतां येतें: हिशेब. यंत्राच्या आंत स्मृतीच्या देण्याघेण्याचा जो हिशेब अखंड चाललेला असतो, तो कोठेंतरी चुकलेला असतो. हा हिशेब कसा ठेवितात, तो चुकल्यास चूक कशी शोधितात, आणि चूक शोधणाऱ्याचेंही काम कोण तपासतो, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून द्यावें, असा ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम कर्नेल म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. इंग्रजींत ह्या शब्दाचा मूळ अर्थ फळाच्या टणक कवचाच्या आंतील गर असा आहे. आपण संगणकावर पत्र लिहितों, चित्र पाहतों, गणित मांडतों. तीं कामें निरनिराळ्या आज्ञावल्या करितात. परंतु ह्यांपैकीं एकीसही यंत्रास प्रत्यक्ष हात लावण्याची मुभा नसते. त्या सर्वांच्या खालीं एक मूळ आज्ञावली सतत चालू असते. कोणास किती वेळ, किती स्मृति व कोणतें उपकरण द्यावयाचें, हें ती ठरविते. हिलाच कर्नेल म्हणतात. येथें आम्ही लिनक्स नांवाच्या कर्नेलचें उदाहरण घेतों. हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरव्हाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें तें १९९१ सालीं लिहावयास घेतलें. आज जगभरांतील हजारों लोक त्यांत भर घालितात, आणि त्याचा कोड, म्हणजे आज्ञांचा मूळ लेख, कोणासही वाचावयास मोकळा आहे. अँड्रॉइड जातीचे फोन ह्याच कर्नेलवर चालतात. तेव्हां आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या खिशांत तें आहेच.

आतां स्मृति घ्या. यंत्राची स्मृति ही एखाद्या मोठ्या वसतिगृहासारखी समजावी. लिनक्स सामान्यतः तिचे ४,०९६ बाइटांचे सारखे भाग पाडतें. अशा एका भागास पान म्हणतात, आणि आमच्या वसतिगृहांत तें पान म्हणजे एक खोली. बाइट म्हणजे साधारणपणें एका इंग्रजी अक्षरास लागणारी जागा. ज्या फोनची स्मृति ८ गिगाबाइट आहे, त्यांत अशा वीस लाखांहून अधिक खोल्या होतात. त्या एक, दोन, चार, आठ अशा दुपटीच्या गटांनीं देण्यांत येतात. मोठा गट मोडून दोन सारखे सोबती करावयाचे, आणि दोन्ही सोबती रिकामे झाले कीं त्यांस जोडून पुन्हां मोठा गट करावयाचा, अशी ही रीत आहे.

परंतु कर्नेलला पुष्कळदां अख्खी खोली नको असते. शंभर-दोनशें बाइटांचा कप्पा पुरतो. एका खोलीचे सारख्या मापाचे कप्पे पाडून ते तयार ठेवण्याची युक्ति जेफ बॉनविक ह्यांनीं सोलारिस ह्या प्रणालीसाठीं काढली व १९९४ सालीं प्रसिद्ध केली. तिला स्लॅब म्हणतात. लिनक्सनें ती स्वीकारली. २००७ सालीं तिची स्लब नांवाची सुटसुटीत आवृत्ति लिनक्समध्यें आली, आणि २०२४ सालीं जुनी स्लॅब काढून टाकण्यांत आली. कप्पा मागण्याच्या आज्ञेस के-मॅलॉक व परत करण्याच्या आज्ञेस के-फ्री म्हणतात. मागणाऱ्यास कप्प्याचा पत्ता मिळतो, आणि काम संपल्यावर त्याच पत्त्यानें तो कप्पा परत करावयाचा असतो. नियम एवढाच आहे.

हा नियम साधा दिसतो, पण त्याच्या पोटीं एक मोठी जोखीम आहे. एखादी साधी आज्ञावली स्मृति परत करावयास विसरली, तरी ती संपतांच कर्नेल तिची सर्व स्मृति काढून घेतें. कर्नेल स्वतःच विसरलें तर? त्याच्याकडून हिशेब मागणारा त्याच्यावर कोणी नाहीं. घरांतील मुलाची चूक वडील सांवरून घेतात. वडिलांची चूक सर्व घरास भोगावी लागते. कर्नेलमधील चूक तशीच सर्व यंत्रास भोवते, मग तें यंत्र विद्यार्थ्याचें असो कीं रुग्णालयाचें असो.

ह्या हिशेबांतील मुख्य चुका पांच आहेत. पहिली गळती: कप्पा घेतला, पण परत केला नाहीं, आणि पत्ताही हरवला. एक कप्पा गेल्यानें कांहीं होत नाहीं. परंतु महिनोन् महिने न थांबतां चालणाऱ्या यंत्रांत दर क्षणीं एकेक कप्पा गेला तर एके दिवशीं वसतिगृह भरून जातें. दुसरी चूक परत केल्यानंतर वापरण्याची. खोली सोडली, पण जुनी किल्ली जवळच ठेवली, आणि तेथें नवा रहिवासी आला असतां हा आंत शिरून सामान हलवूं लागला, तर जो अनर्थ होईल तोच येथें होतो. दुष्ट हेतूनें यंत्रांत शिरूं पाहणारे लोक ह्या चुकीच्या विशेष शोधांत असतात. तिसरी, आपल्या कप्प्याची मर्यादा ओलांडून शेजाऱ्याच्या कप्प्यांत लिहिणें. चौथी, एकच कप्पा दोनदां परत करणें. पांचवी, नव्या कप्प्यांत स्वतः कांहीं लिहिण्यापूर्वींच त्यांतलें वाचणें. कारण तेथें जुन्या रहिवाशानें टाकलेला कचरा असतो, आणि त्यासच हा आपला मजकूर समजतो.

ह्या चुकांचा स्वभाव असा कीं, जेथें पाप घडतें तेथें शिक्षा दिसत नाहीं. सकाळीं एका उपकरणाच्या आज्ञांनीं शेजाऱ्याच्या कप्प्यांत दोन अक्षरें जास्त लिहिलीं, तर दुपारीं भलतीच निर्दोष आज्ञावली त्यांस अडखळून पडते. आणि शोध करणारा तिलाच दोष देतो. म्हणून कर्नेलमध्यें पहारेकरी नेमावे लागतात.

पहिला पहारेकरी विष. कप्पा परत येतांच त्यांत सर्वत्र एकच ठराविक संख्या भरून ठेवितात. लिनक्समध्यें ती १०७ आहे, आणि कप्प्याच्या शेवटच्या बाइटांत १६५ असते. पुढें तो कप्पा पुन्हां देतांना १०७ च्या जागीं दुसरें कांहीं आढळलें, तर मधल्या काळांत कोणीतरी चोरून लिहिलें हें उघड होतें. संगणकाच्या अक्षरमालेंत १०७ ही संख्या इंग्रजी लहान 'के' ह्या अक्षराची आहे. त्यामुळें चुकीच्या अहवालांत ओळच्या ओळ 'के के के के' अशी दिसली कीं, जाणता मनुष्य तत्काळ ओळखतो कीं, हा कप्पा परत केलेला होता. दुसरा पहारेकरी लाल पट्टा. कप्प्याच्या कडेस कोणाच्याही मालकीची नसलेली थोडी जागा ठेवून तेथेंही ठराविक संख्या लिहितात. ती पुसली गेली कीं मर्यादा ओलांडली गेली असें समजावें.

तिसरा पहारेकरी के-मेम-लीक. हा २००९ सालीं लिनक्समध्यें आला. तो दिलेल्या प्रत्येक कप्प्याची नोंद ठेवितो, आणि सामान्यतः दर दहा मिनिटांनीं स्मृति चाळून पाहतो कीं, त्या कप्प्याचा पत्ता अजून कोठें लिहिलेला आहे काय. ज्याचा पत्ता कोठेंच सांपडत नाहीं, तो कप्पा परत कोण करणार? अशा कप्प्यांची तो यादी देतो. चौथा पहारेकरी २०१५ सालचा केसॅन. हा दर ८ बाइटांमागें १ बाइट आपल्या खतावणीसाठीं राखून ठेवितो, आणि प्रत्येक वाचण्या-लिहिण्यापूर्वीं ती खतावणी पाहतो. त्यानें चूक घडते त्याच क्षणीं पकडली जाते; परंतु यंत्र बरेंच मंद होतें, म्हणून तो प्रयोगशाळेंतच शोभतो. नित्याच्या कामावरील यंत्रांसाठीं २०२१ सालीं के-फेन्स आला. हा सर्वांवर नजर ठेवीत नाहीं. अधूनमधून एखादी मागणी निवडून तो कप्पा स्वतंत्र पानांत ठेवितो व दोन्ही बाजूंच्या पानांस कुलूप लावितो. एका यंत्रांत त्याच्या हातीं फारसें लागत नाहीं, पण लाखों यंत्रांत मिळून पुष्कळ लागतें.

येथवर वाचून एखादा चौकस विद्यार्थी विचारील कीं, पहारेकरी नेमले म्हणजे काम संपलें. मग माणसांनीं कोड तपासण्याचें कारण काय? कारण हें कीं, हे पहारेकरीही माणसांनींच लिहिलेल्या आज्ञा आहेत, आणि त्यांची वस्ती कर्नेलच्या अत्यंत नाजुक भागांत आहे. चोर पकडण्यास ठेवलेल्या शिपायाच्या हातून घरास आग लागली, असें होऊं नये. म्हणून पहारेकऱ्याच्या कोडची तपासणी इतर कोडपेक्षां कडक असावी लागते.

तपासणारा मनुष्य अशा वेळीं कोणते प्रश्न विचारतो, तें पाहण्यासारखें आहे. पहिला प्रश्न असा: प्रत्येक कप्प्याची नोंद ठेवावयाची तर ती नोंद लिहिण्यास जागा कोठून आणणार? ती जर त्याच अधीक्षकाकडे मागितली, तर ह्या नव्या मागणीचीही नोंद हवी, तिच्या नोंदीस पुन्हां जागा हवी, आणि हें चक्र थांबणारच नाहीं. के-मेम-लीकमध्यें ह्यासाठीं त्याच्या स्वतःच्या नोंदींचे कप्पे पहाऱ्यांतून मुद्दाम वगळले आहेत. दुसरा प्रश्न: हा पहारा बंद असतांना त्याची किंमत किती? स्मृतीची मागणी सतत होत असते. तेथें एक अनावश्यक पाऊलही जड पडतें. तिसरा प्रश्न: कर्नेल कांहीं कामें अशा घाईच्या स्थितींत करितें कीं, तेथें क्षणभरही वाट पाहत बसणें निषिद्ध असतें, तेथें हा पहारेकरी कोठें अडून तर बसत नाहीं ना? चौथा प्रश्न सर्वांत सूक्ष्म आहे: पहारा बसविल्यानें चोराची वाटच बदलत नाहीं ना? लाल पट्टा घातल्यानें कप्पे थोडे दूर सरकतात, आणि पूर्वीं शेजाऱ्यास बाधणारी चूक आतां रिकाम्या जागेंत पडून निरुपद्रवी भासते. अशा वेळीं "पहारा लावला कीं दोष दिसत नाहीं" ह्याचा अर्थ दोष गेला असा नव्हे.

तपासणीची पद्धति आमच्या वह्या तपासण्याच्या पद्धतीशीं बरीच जुळते. कोणास कांहीं बदल सुचवावयाचा असला तर तो त्याचें ठिगळ तयार करितो. त्यास पॅच म्हणतात. काढावयाच्या ओळींपुढें उणें चिन्ह, घालावयाच्या ओळींपुढें अधिक चिन्ह, आणि आरंभीं बदलाचें कारण असें तें पत्र असतें. तें त्या भागाच्या जाणत्यांकडे उघडपणें जातें. ते एकेका ओळीखालीं शंका लिहितात. लेखक दुरुस्ती करून दुसरी प्रत पाठवितो, मग तिसरी, कधीं सहावी. २००४ सालापासून ठिगळाखालीं लेखकाची सही घेण्याचा प्रघात आहे, आणि ज्यानें कसून तपासलें तोही आपलें नांव तपासनीस म्हणून तेथें घालितो. पुढें दोष निघाला तर दोघांचीं नांवें कायमचीं लिहिलेलीं राहतात. कोडमधील कोणत्या ठिकाणानें किती स्मृति घेतली आहे तें सांगणारी एक नवी सोय २०२४ सालीं लिनक्सच्या ६.१० ह्या आवृत्तींत आली. तिचा पहिला मसुदा २०२२ मध्यें मांडला गेला होता. मधला काळ तिचा खर्च किती व तिचें ओझें पुढें कोण वाहणार, ह्या वादांत व दुरुस्त्यांत गेला.

तपासनीसाची दृष्टि कोठें जाते, ह्याचें एक साधें उदाहरण देतों. एका कामास तीन कप्पे हवेत. लेखकानें पहिला मागितला, मिळाला. दुसरा मागितला, मिळाला. तिसरा नाकारला गेला. तेव्हां लेखकानें 'स्मृति शिल्लक नाहीं' असा निरोप देऊन, जो लिनक्समध्यें उणें १२ ह्या अंकानें देतात, परत फिरण्याची आज्ञा लिहिली. वाचतांना सर्व ठीक दिसतें. परंतु पहिले दोन कप्पे कोणीं परत केले? कोणींच नाहीं. ही वाट क्वचितच चालली जाते, म्हणून नेहमींच्या चांचणींत हा दोष वर्षानुवर्षें दडून राहतो. मुरलेला तपासनीस म्हणूनच यशाची वाट पाहण्यापूर्वीं अपयशाची वाट पाहतो, आणि जें ज्या क्रमानें घेतलें तें उलट क्रमानें परत केलें आहे कीं नाहीं, हें बोट ठेवून मोजतो. ह्याच्या साह्यार्थ कर्नेलमध्यें मुद्दाम मागणी नाकारणारीही एक सोय आहे, कीं जेणेंकरून ह्या ओसाड वाटा चालून पाहतां याव्यात.

आतां एक खरी घडलेली गोष्ट सांगतों. ती प्रत्यक्ष कर्नेलमधील नव्हे, तर कर्नेलच्या वर चालणाऱ्या एका आज्ञासंग्रहांतील आहे; पण पहारेकरी त्याच जातीचा होता. लिनक्सवर उभारलेल्या डेबियन नांवाच्या प्रणालींत ओपन-एस-एस-एल हा संग्रह असतो. गुप्त किल्ल्या, म्हणजे परक्यास ओळखतां येऊं नयेत अशा मोठ्या संख्या, तयार करणें हें त्याचें एक काम. त्यासाठीं तो अनेक ठिकाणांहून अनिश्चित मजकूर गोळा करून घुसळतो. आणि त्यांत नव्या कप्प्यांतील जुना कचराही मुद्दाम मिसळीत असे. व्हॅलग्रिंड नांवाच्या स्मृतिपरीक्षकानें ह्यावर बोट ठेविलें: "कांहीं न लिहिलेल्या जागेंतून वाचलें जात आहे." तक्रार शब्दशः खरी होती. ती घालविण्यासाठीं २००६ सालीं सारख्या दिसणाऱ्या दोन ओळी काढून टाकण्यांत आल्या. काढण्यापूर्वीं जाणत्यांस विचारलेंही होतें, आणि त्यांनीं हरकत घेतली नाहीं. परंतु त्या दोन ओळींचीं कामें निराळीं आहेत, हें कोणीं उलगडून पाहिलें नाहीं. एक ओळ कचरा मिसळीत असे. ती गेल्यानें फारसें बिघडलें नसतें. दुसरी ओळ खरा अनिश्चित मजकूर मिसळीत असे. ती गेल्यावर घुसळण्यास कांहीं उरलेंच नाहीं. उरला तो चालत्या आज्ञावलीचा क्रमांक, आणि तो फार तर ३२,७६८ प्रकारचा असूं शके. जी किल्ली शोधण्यास युगें लागावींत, ती एका यंत्रास थोड्याच वेळांत शोधतां येऊं लागली. परीक्षक मात्र शांत झाला होता! १३ मे २००८ रोजीं, लुसियानो बेलो ह्यांच्या शोधानें, हा दोष जाहीर झाला. मधल्या सुमारें वीस महिन्यांत त्या प्रणालीवर व तिच्यावरून काढलेल्या प्रणालींवर तयार झालेल्या अशा किल्ल्या जगभर टाकून द्याव्या लागल्या.

ज्यानें त्या ओळी काढिल्या तो आळशी नव्हता, कीं दुष्टही नव्हता. त्यानें विचारण्याची सावधगिरीही बाळगली होती. उणें होतें तें एकच: तक्रार कां आली, हें पुरें समजण्यापूर्वीं ती बंद झाली, आणि दुसऱ्या डोळ्यांनीं ठिगळ ओळीनें ओळ वाचलें नाहीं. वहींतील लाल खूण खोडरबरानें पुसली म्हणजे उदाहरण बरोबर येत नाहीं, हें आमच्या पांचवींतील मुलासही ठाऊक आहे. पण घाईंत असलेल्या थोरांस तें विसरावयास होतें. यंत्र तक्रार करूं शकतें. तक्रारीचा अर्थ लावणें हें माणसाचें काम आहे, आणि तो अर्थ बरोबर लागला कीं नाहीं हें पाहणें दुसऱ्या माणसाचें.

आमच्या विद्यार्थ्यांस आपलें काम दुसऱ्यानें तपासलेलें आवडत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. त्यांस तो अविश्वास वाटतो. पालकांसही कधीं कधीं मुलाच्या वहींतील लाल शाई हा स्वतःचा अपमान वाटतो. लिनक्सचें काम करणाऱ्यांत नामांकित तज्ज्ञ आहेत. परंतु ते आपलें लेखन आपण होऊन दुसऱ्यापुढें ठेवितात, अनोळखी नवख्यानें दाखविलेली चूकही आभार मानून घेतात, आणि सहाव्या प्रतीसही कंटाळत नाहींत. कारण त्यांस ठाऊक असतें कीं, आपल्या हातून सुटलेली एक ओळ दूर कोठेंतरी, आपण कधीं न पाहिलेल्या माणसाच्या कामांत बाधा आणील. शुभवर्तमानांतील कारभाऱ्याच्या दृष्टांतांत धनी त्यास बोलावून हिशेब मागतो, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं प्रार्थनेच्या तासास ऐकलेली आहे. दिलेलें परत करावयाचें असतें, आणि हिशेब दाखवावयाचा असतो, हा नियम कारभाऱ्यास आहे तसाच कप्पा मागणाऱ्या आज्ञेसही आहे.

म्हणून पुढच्या खेपेस संगणक थिजला, तर "बिघडला" एवढेंच म्हणून थांबूं नये. कोणाचा हिशेब कोठें चुकला असेल, असें मनाशीं विचारावें. आणि वही परत मिळाली कीं गुण पाहण्यापूर्वीं लाल खुणा पाहाव्या, व प्रत्येक खूण कां आली तें समजल्यावांचून ती खोडूं नये. एवढी संवय जरी ह्या लेखानें एखाद्या विद्यार्थ्यास लागली, तरी आमचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.